करंगळीसुद्धा नाही

८ जुलै

धाकटे,

तू विचारलं होतंस, भिंगरी बोलायला लागली का. लागली. आधी तेच सांगते, बाकीचं पत्र मग सावकाश वाच.

तिचे बाबा गेले तेव्हापासून ती मिटलेलीच होती. जानेवारीत तू तिला माझ्याकडे ठेवून बोगद्याच्या कामावर गेलीस, आणि त्यानंतर तर विचारल्याशिवाय एक शब्द नाही. भूक लागली का विचारलं, तर नुसती मान हलवायची. फोनवर मी तुला 'बरी आहे' एवढंच सांगायची. रविवारी तुमच्या साइट ऑफिसच्या फोनमागे दहा माणसं रांगेत उभी असताना तू दुसरं काय ऐकून घेणार होतीस?

जूनपासून शाळेत एक नवीन तास सुरू झालाय. मंगळवारी, तिसरा. वेळापत्रकात त्याचं लांबलचक नाव आहे, पण मुलं नुसतं 'मन' म्हणतात, आणि शिकवतात त्या 'मनाच्या बाई'. बाकं भिंतीला सरकवतात आणि सगळे जमिनीवर गोल बसतात. एक लोकरीचा चेंडू असतो. ज्याच्या हातात चेंडू त्याने बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. बोलावंसं वाटत नसेल तर चेंडू पुढे द्यायचा. दाराशी एक फळा आहे, त्यावर ऊन, ढग, पाऊस, वादळ अशी चित्रं. सकाळी आल्याआल्या प्रत्येकाने आपल्या नावाचा चिमटा आपल्याला जसं वाटतंय त्या चित्राला लावायचा.

मी आधी हसले होते. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकांना 'आता बरं दिसतंय की मघाशी?' विचारत असते, त्यातलाच हा प्रकार, म्हटलं. पण तीन आठवडे ढगाला लावलेला चिमटा भिंगरीने गेल्या मंगळवारी उन्हाला लावला, आणि घरी येऊन मला आपण होऊन सांगितलं. एकदा सुरू झाली ती थांबेना. हे छापखान्यातून आले तरी चालूच. यांनी बूटसुद्धा काढले नाहीत, तसेच दारात उभे राहून ऐकत होते.

त्या तासाला तिने काढलेल्या चित्राची झेरॉक्स पाठवतेय. हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायचा आणि ज्यांना सगळं सांगता येतं अशा माणसांची नावं एकेका बोटावर लिहायची. तुला आनंद होईल.

तुझी ताई


२१ जुलै

ताई,

पत्र मिळालं. चित्रही मिळालं. आनंद होईल असं लिहिलं होतंस, म्हणून आनंदानेच उघडलं.

अंगठा, मावशी. त्याच्या शेजारच्या बोटावर काका, म्हणजे भावजी. मधलं बोट, मनाच्या बाई. मग तिच्या बाकावरची ती मैत्रीण, सशी. करंगळी, शिपाईमावशी. मी पुन्हा मोजली. पाचच होती. बोगद्यात दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून मी मिलिमीटर मोजते, माझी मोजणी सहसा चुकत नाही.

शिपाईमावशी म्हणजे घंटा वाजवते तीच ना? तिला करंगळी मिळाली. आणि जिने नऊ महिने पोटात वागवली, तिच्या वाट्याला करंगळीसुद्धा नाही.

तुझं मला नवल वाटत नाही. लहानपणी मांजर मी आणली, दूध मी घातलं, आणि झोपायला ती तुझ्या पांघरुणात. तू काही करायचीस असंही नाही. नुसती बसायचीस, आणि सगळं जग येऊन तुझ्या मांडीवर बसायचं. मांजरीचं मी सोसलं. हे सोसत नाही.

आणि या बाई. एका महिन्यात मधलं बोट. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी डोळ्यांसमोर येतात. हळू बोलत असणार. हळू बोलणाऱ्या बायकांपुढे आपण आपोआप भांडकुदळ ठरतो. माझ्या मुलीचं मन म्हणजे मंगळवारी तिसऱ्या तासाला चारचौघांत उघडून दाखवायची वस्तू नाही. तिला जे सांगायचंय ते ती मला सांगेल.

गणित कच्चं आहे तिचं. त्या तासाला वाचनालयात बसून गणितं सोडवू दे. शाळेसाठी चिठ्ठी सोबत आहे, खाली माझी सही आहे. सही करायचा हक्क तरी अजून माझाच आहे ना?

भावजींना नमस्कार. भिंगरीला पापा, अंगठ्याने परवानगी दिली तर.

धाकटी


३ ऑगस्ट

धाकटे,

चिठ्ठी दिली. मनाच्या बाईंनी ती वाचली, घडी केली आणि विचारलं, 'आईंना त्या चित्राबद्दल सगळं सांगितलंत ना?' मी हो म्हटलं. आता भिंगरी मंगळवारी वाचनालयात बसते. गणितं बरोबर येताहेत. तुझ्या मनासारखं झालं.

अंगठ्याची परवानगी लिहिताना तू हसली असशील. मला हसू आलं नाही. तुझी पोर माझ्याकडे आहे म्हणून तुझ्या पोटात दुखतं, ते मला कळतं. पण वेणीचा भांग वाकडा पडला की ती आरशातून माझ्याकडे बघते, तो भांग मी पुन्हा पाडते. तिचा वरचा दात पडला, तो मी तुला दाखवायला कागदात गुंडाळून ठेवलाय. चित्रकलेच्या वहीला कव्हर, खोकल्याला औषध, बुटाची तुटलेली नाडी, सगळं मीच बघते, आणि हौसेने बघते. तू मात्र मला सरळ चोर ठरवलंस. अगं, चोराच्या हाताला निदान काही लागलेलं तरी असतं. मार्चमध्ये तुझं काम संपेल, तू येशील, तिचा हात धरशील आणि निघून जाशील. मग या दोन खोल्यांत आम्ही दोघं. हे कधी तुझ्या मनात आलं?

मांजरीचं म्हणशील तर ती माझ्याकडे यायची, कारण तू झोपेत लाथा मारायचीस.

फळ्यावरचा चिमटा परत ढगावर गेलाय. तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

शेवटची ओळ तू अगदी नेम धरून लिहिलीस. बसली बरोबर.

परवाच्या रविवारी फोनवर भिंगरी मला म्हणाली, 'मी ठीक आहे, तू ठीक आहेस ना?' बँकेच्या खिडकीशी बोलतात तशी. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, 'स्वेटर घाल गं.' आणि ती ओरडली, 'हो गं, थांब ना जरा.' ताई, तो ओरडा मी फोन ठेवल्यावरही ऐकत होते. 'ठीक आहेस ना' माझ्यासाठी, आणि 'हो गं, थांब ना' तुझ्यासाठी. कोण घरचं आणि कोण परकं, हे आणखी कुठल्या चित्रावर लिहायला हवं? माझ्यामागे रांगेत फिटर उभा होता, तो म्हणाला, 'बाई, तुमचं झालं ना?' झालंच होतं.

मी एक ठरवलंय. इथे साइटवर कामगारांच्या मुलांसाठी दोन खोल्यांची शाळा आहे. एकच मास्तर आहेत, पण बरे आहेत. त्यांच्याशी बोलून ठेवलंय. सप्टेंबरअखेर चार दिवसांची रजा घेऊन येते आणि तिला घेऊन जाते. इथे धूळ आहे, बरोबरीची मुलं थोडी आहेत, सगळं मला माहीत आहे. पण संध्याकाळी ती माझ्या खोलीत असेल.

तिचे कपडे भरून ठेव. बाईंना काय सांगायचं ते तूच सांग. तुमचं जमतं चांगलं.

धाकटी


१४ सप्टेंबर

धाकटे,

उत्तराला इतके दिवस लावले ते रागाने नाही. हे पत्र लिहायला घ्यायची आणि कागद बाजूला सारायची.

गेल्या गुरुवारी शाळेतून दुकानात फोन आला. भिंगरीने सशीला जिन्यावर ढकललं होतं. दोनच पायऱ्या, पण गुडघा फुटला. कारण काय, तर सशी म्हणाली, 'आज मला न्यायला माझी आई येणार आहे.' एवढंच.

मी पोचले तर भिंगरी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुठी आवळून बसली होती. मनाच्या बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. मग मला व्हरांड्यात नेऊन म्हणाल्या, 'हा राग तिने कागदावर लिहिला होता. आज ना उद्या ती बोललीही असती. तेवढ्यात तास बंद झाला. मागची बाजू वाचल्यावरही आईंनी तो बंद का केला, ते मला समजलं नाही.' खरंच हळू बोलतात त्या. तू बरोबर ओळखलं होतंस.

मागची बाजू तू वाचलेलीच नाहीस. मी पाठवलीच नव्हती.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे नळावर बोटांची शाई घासत होते. मागे न वळता म्हणाले, 'धाकटीला लिही. आज लिही.' आज चौथा दिवस.

तर ऐक. झेरॉक्स मी मुद्दाम एकाच बाजूची काढली. बाईंनी मुलांना सांगितलं होतं की बोटांवर चालत जाऊन गाठता येतील अशीच माणसं लिहायची, अडचण आली तर लगेच जाता यावं म्हणून. तू चालत गाठता येण्यासारखी नाहीस, म्हणून त्या बोटांवर नाहीस. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. मागची बाजू दूरच्या माणसाची होती. त्याचं नाव लिहायचं आणि त्याला सांगायचं काय राहिलंय ते लिहायचं. तिथे तिने लिहिलंय, 'आई. मला तिचा खूप राग येतो. ती गेली तेव्हा मी झोपले होते.'

तुला लागेल म्हणून लपवलं, असं मी मनाची समजूत घालत होते. ते खोटं आहे. मला तुझा हेवा वाटला. नऊ महिने होत आले, ती माझ्यावर एकदाही रागावलेली नाही. दूध सांडलं की 'सॉरी मावशी'. ताट घासायला स्वतः नेऊन ठेवते. आवडीचा फ्रॉक मी धुताना खराब केला, तर 'असू दे मावशी' म्हणाली. पाहुणी वागते तशी वागते गं माझ्याशी. तू फोनवर ऐकलंस ते 'थांब ना' मला नव्हतंच. सशी खेळायला आली होती, तिचा हात ओढत होती, तिला होतं ते. मला ती 'हो मावशी' म्हणते. नेहमी 'हो मावशी'.

राग धरायला आपलं माणूस लागतं. मला अंगठा मिळाला, आणि तुला तिने एवढा राग जपून ठेवला. वाटलं, पुढची बाजू तरी सगळी माझी आहे असं तुला वाटू दे. आणि वाईट म्हणजे, तुझी चिठ्ठी शाळेत देताना मला बरं वाटलं होतं. ते मधलं बोट माझ्याही डोळ्यांत खुपत होतं.

कपडे भरू का, ते कळव. तू म्हणशील तसं.

ताई


२१ सप्टेंबर

ताई,

तुझ्यावर चिडायचं ठरवलं आणि ते जमलंय. अजून चिडलेलीच आहे.

मूळ कागद काढून ठेव. कपडे भरू नकोस. बाईंना विचार, मंगळवारी आईला वर्गात बसू देतात का. सोमवारी पोचते.

धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

त्या मंगळवारी संध्याकाळी तू दुकानातून आलीस, विचारलंस, 'कसा झाला तास?' आणि मी 'छान' म्हणून कांदा चिरायला बसले. तुझ्याशी नीट बोलायला तेव्हा जीभ वळत नव्हती. आता लिहिते.

मी त्या गोलात बसले. मांडी घालून इतका वेळ बसायची सवय राहिलेली नाही, गुडघे बोलत होते. भिंगरी माझ्या शेजारी बसली नाही, समोर बसली. बाईंनी नियम पुन्हा सांगितला, ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. मुलांना तो पाठ होता, म्हणजे सांगितला तो मलाच. चेंडू फिरायला लागला. एका मुलीने तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं सांगितलं. सशीने गुडघ्याचं सांगितलं आणि म्हणाली, 'तिने सॉरी म्हटलंय, पण मला अजून थोडं वाईट वाटतं.' मग चेंडू भिंगरीकडे आला.

ती धागा ओढत बसली. मला वाटलं, पुढे देईल. आणि खरं सांगते, पुढेच द्यावा असं वाटत होतं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, 'मी उठले तर आई नव्हती. तिचा कप ओट्यावर होता. मला वाटलं ती बाथरूममध्ये आहे. मी दाराबाहेर थांबले. मग मावशी म्हणाली, ती पहाटेच गेली.' मग धागा बोटाला गुंडाळत, 'उठवायला पाहिजे होतं. मी रडले असते. पण उठवायला पाहिजे होतं.'

ताई, माझ्याजवळ उत्तर तयार होतं. जानेवारीपासून घोकलेलं. तू रडली असतीस, माझा पाय निघाला नसता, गाडी चुकली असती, आणि हे सगळं मी तुझ्यासाठीच करतेय. सगळं जिभेच्या टोकावर आलं. पण चेंडू तिच्या हातात होता. मी दातांवर दात ठेवून बसले. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मी काही बोलतेय का ते. आणि चेंडू माझ्याकडे न टाकता शेजारच्या मुलीला दिला. तेही लागलं.

मधल्या सुट्टीत ती येऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि माझ्या पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मी म्हटलं, 'तुला उठवायला पाहिजे होतं.' ती म्हणाली, 'हो.' मग तिने माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं.

मनाच्या बाईंवर जळायचं मी सोडलेलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, 'गप्प बसणं अवघड गेलं असेल.' इतकं हळू म्हणाल्या की भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. तास चालू राहू दे. नवी चिठ्ठी मी त्यांच्या टेबलावरच लिहून दिली.

या खेपेला मी तिला विचारलं, साइटवरच्या शाळेत येतेस का? तिने दोन दिवस विचार केला. म्हणाली, 'मार्चपर्यंत इथेच. सशी आहे, मंगळवार आहे.' आणि मग, 'मावशी एकटी पडेल.' हे मी तुला सांगणार नव्हते. पण लपवाछपवी आता पुरे.

निघताना पहाटे उठवलं तिला. कशी रडली ते तू बघितलंसच. माझी गाडी चुकली नाही.

मार्चनंतर तुमच्या गावातच मोजणीचं काम शोधणार आहे. दोन खोल्या बघून ठेव, तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. एकाच गल्लीत नको, मला झेपणार नाही.

धाकटी


२० ऑक्टोबर

धाकटे,

घराचं बघते. एक आहे, पण ते दीड गल्लीवर आहे. चालेल का?

आज एक सांगायचंय. काल शाळेला जायच्या गडबडीत मी भिंगरीचं दप्तर आवरलं. तळाशी चुरगळलेले कागद होते, ते कचऱ्यात टाकले. शाळेतून आली ती डोळे लाल करून. त्यात तिचं आणि सशीचं काहीतरी गुपित लिहिलेलं होतं, महिनाभर दोघी लिहीत होत्या. मी म्हटलं, 'अगं, मला कचरा वाटला.' तर ही पोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'तुला कोणी सांगितलं होतं माझ्या दप्तराला हात लावायला? विचारता येत नाही? तू माझी आई नाहीस.' आणि आतल्या खोलीचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

हे पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, मी आता रडणार. मी ओट्याला टेकून उभी राहिले, आणि धाकटे, मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचं शेवटचं वाक्य टोचलं नाही असं नाही. अजून टोचतंय. पण नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या घरात कोणीतरी दार आपटलं.

तासाभराने बाहेर आली. सॉरी म्हणाली नाही. म्हणाली, 'भूक लागली.' मीही सॉरी म्हणायला गेले, तर म्हणे, 'आत्ता नको, मी अजून रागात आहे. आधी खायला दे.'

ताई


२९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र जीपमध्येच उघडलं, खोलीवर जाईपर्यंत दम निघाला नाही. कॅलेंडरपर्यंत आले आणि हसले. मग पोटात दुखायला लागलं. तुझ्यापासून काय लपवू, चांगलंच दुखलं. इतके महिने वाटत होतं, राग तरी माझा एकटीचा आहे. त्यातही तू वाटेकरी झालीस. 'तू माझी आई नाहीस' ही ओळ मात्र मी चारदा वाचली. तेवढा आनंद मला असू दे.

रविवारी फोनवर ती मला पाच मिनिटं तुझ्याच तक्रारी सांगत होती. मावशीला काही कळत नाही, मावशी दप्तरात हात घालते, मावशी ऐकूनच घेत नाही. मी तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नुसती ऐकत राहिले. मागे फिटर उभा होता, त्यालाही या वेळी थांबावंच लागलं.

दीड गल्ली चालेल.

आणि तिला सांग, मावशीच्या घरात दारं आपटायची नाहीत. किंवा नको, तू काही सांगू नकोस. रविवारी मीच रागावते तिला. एवढं तरी माझ्याकडे ठेव.

तुझी धाकटी